नववी ब मधली लग्नं

अनुभव लिहायला माणूस रिटायर व्हावा लागतो अशी माझी समजूत होती. पण आमच्या कॉलनीच्या दिवाळी अंकाचे संपादक, म्हणजे तळमजल्यावरचे कुलकर्णी काका, म्हणाले, "रिटायर माणसं जन्मतारखेपासून सुरू करतात आणि पहिल्या इन्क्रिमेंटपर्यंत आली की कागद संपतो. तू लिही. तुझ्याकडे अजून सांगण्यासारख्या तारखाच नाहीत."

खरंय. म्हणून मुलुंडला दादाचा टायपिंग क्लास आहे तिथे बसून थेट मराठी मशीनवर बडवतेय. शेजारी पोरं ए एस डी एफ करतायत. मशीनवर खोडायची सोय नाही, त्यामुळे एखादं वाक्य सुटलं तर सुटू द्या.

मी भांडुपच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवते. शाळेत मला सगळे सावंतबाई म्हणतात. आमच्या शाळेत अर्धी पोरं वरच्या टेकडीवरची, म्हणजे बाप कोकणातून आलेला, आधी गिरणीत आणि आता इथल्या कुठल्यातरी कारखान्यात. अर्धी खालची, खाडीकडची, कोळ्यांची. दोन्हीकडची पोरं हुशार, पण इंग्रजीचा तास म्हटला की दाताच्या डॉक्टरकडे आणल्यासारखी बसायची.

आता प्रत्यय म्हणजे काय ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घाबरू नका, सोपं आहे. इंग्रजीत एक शब्द घ्यायचा आणि त्याच्या शेवटी छोटासा तुकडा जोडायचा, की नवा शब्द तयार. हॅपी म्हणजे आनंदी, त्याला नेस जोडलं की हॅपीनेस, म्हणजे आनंद. केअरला फुल जोडलं की काळजी घेणारा, लेस जोडलं की निष्काळजी. टीचला एर जोडलं की मी. आपण मराठीत हे रोज करतो. मालवणला कर जोडला की मालवणकर. दूधला वाला जोडला की दारात उभा.

हे मी पहिल्या वर्षी फळ्यावर लिहून शिकवलं. नियम असा, अपवाद असे, वह्या काढा. पोरांनी नियम पाठ केला आणि मग जो शब्द दिसेल त्याला एर जोडत सुटली. वर्गात मंदा म्हणून कोळ्यांची मुलगी होती. तिचा आवाज असा की तिला हळू बोल म्हटलं तर पलीकडच्या आठवीतली मुलं हळू बोलायला लागतात. ती उभी राहिली.

"बाई, टीच करते ती टीचर, तर फिश करतो तो फिशर. माझा बाप फिशर."

"नाही गं. फिशरमन."

"एर लागला ना, मग वर मॅन कशाला पायजे?"

"तसा शब्द आहे."

"आणि माझी आई? बाजारात तीच बसते. ती फिशरमन कशी होईल?"

मी म्हटलं खाली बस. ती बसली, पण शेजारणीला म्हणाली, "बाईंना पण येत नाय." आणि ते हळू म्हणाली तरी आठवीला कळलं.

मग एक दिवस मंदा चार दिवसांची सुटी मारून आली. हात हळदीने पिवळे. मोठ्या बहिणीचं लग्न होतं. मी विचारलं, शेवंती गेली का सासरी. मंदा म्हणाली, "शेवंती नाय बाई आता ती. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने नाव लिवलं. आता ती सुरेखा. तीच पोरगी, पण नाव बदललं आणि काम पण बदललं. काल आमच्याकडं आली तर पाहुणी म्हणून बसून राहिली, एक भांडं उचललं नाय."

मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. तीच पोरगी, पण नाव बदललं आणि काम पण बदललं. मी वर्षभर फळ्यावर डोकं आपटून जे सांगत होते ते हिने भांड्यांवरून सांगितलं होतं. हॅपी हे विशेषण. त्याचं नेसशी लग्न झालं की ते नाम होतं, वाक्यात पाहुण्यासारखं दुसऱ्याच पाटावर जाऊन बसतं.

त्या दिवशी नववी ब मध्ये पहिलं लग्न लागलं.

म्हणजे कसं, शब्द ही मुलगी. प्रत्यय हा मुलगा. दोघांच्या गळ्यात पुठ्ठ्याच्या पाट्या. दोघांचं जुळतंय का ते आधी पत्रिकेत बघायचं, आणि पत्रिका म्हणजे डिक्शनरी. जुळलं तर लग्न, नाही तर नाही. हॅपी आणि मेंट असं स्थळ आलं तर पत्रिका बघून नकार कळवायचा, पण पे आणि मेंट यांचं छत्तीस गुणांनी जुळतं. अंतरपाट म्हणून आशिया खंडाचा नकाशा धरायचो, कारण भूगोलाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती आणि युरोपचा नकाशा फाटला होता. अक्षता म्हणून पोरं घरून मूठमूठ कणी आणायची. रेशनचा तांदूळ मोजून मिळायचा, तो कोण देतंय. मंगलाष्टक आमच्या सुऱ्याने रचलं. सुऱ्या म्हणजे सुरेश, टेकडीवरचा, बापाबरोबर भजनाला बसणारा. ते मला अजून पाठ आहे:

हॅपी ही नटली उभी सजुनिया, मागून आला नवा,
नेसाचा मुलगा तिला चिकटला, कुर्यात् सदा मंगलम्.

आणि शुभमंगल सावधान म्हटलं की कणी उडायची, पाटी पाटीला लागायची आणि अख्खा वर्ग मोठ्याने म्हणायचा, हॅपीनेस. मग अर्थ सांगायचा, मग वाक्य करायचं. एका तासात तीन तीन लग्नं व्हायची. झकास चालायचं.

अडचणी यायच्याच. मंदाने विचारलं, "नेसचं मागल्या सोमवारी डार्कशी लग्न लावलं. आज परत हॅपीशी? किती बायका करतो?" यावर वर्गात तासभर वाद. शेवटी सुऱ्यानेच तोडगा काढला, की नेस हा एक माणूस नाही, ते घराणं आहे, त्यांच्यात मुलगे पुष्कळ. कोकणातल्या पोरांना ते लगेच पटलं. मग मंदाचं दुसरं आलं. "बाई, लग्न झाल्यावर मुलगी सासरी जाते. इथं तर तो हिच्या मागं येऊन बसला. म्हणजे घरजावई." मी म्हटलं, हो, सगळे प्रत्यय घरजावई. त्यांना स्वतःचं घर नसतं, नुसतं नेस म्हणून कुणी बोलत नाही. फुल आणि लेस हे दोघे एकमेकांशी न बोलणारे भाऊ ठरले. होपच्या घरी फुल आला तर भरभराट, लेस आला तर वाट लागली. पोरं हे घरी जेवताना बोलायची. एका आईने मला रस्त्यात थांबवून विचारलं होतं, "बाई, तो लेस म्हणून पोरगा कोण आहे वर्गात? आमची ही म्हणते तो घरं बुडवतो."

आमचे मुख्याध्यापक पाटकर सर. माणूस चांगला, फक्त त्यांना आवाज, कचरा आणि नवीन काहीही सोसत नाही. आणि ह्या लग्नांत तिन्ही होतं. कणी टिपायला चिमण्या यायच्या, त्या पुढच्या तासाला बीजगणितात बसायच्या. सरांनी मला बोलावून विचारलं, "सावंतबाई, हा इंग्रजीचा तास आहे की कार्यालय?"

"सर, पोरांना येतंय."

"येत असेल. पण एज्युकेशन इन्स्पेक्टर पुढच्या गुरुवारी येतायत. तुमच्या तासाला बसणार. त्यांच्यासमोर नकाशा, तांदूळ, गाणी, काही नको. फळा, खडू, पुस्तक. तुमची ऑर्डर त्यांच्या शेऱ्यावर आहे, हे लक्षात ठेवा."

ऑर्डर म्हणजे पक्की होण्याची. मी तोवर एका बाईंच्या जागी तात्पुरती लागले होते. शेरा चांगला आला तर जूनपासून कायम, नाही तर घरी. आणि घरी काय होतं ते ऐका.

घरी स्थळ होतं. बोरीवलीचे दळवी. मुलगा सरकारी नोकरीत, स्वतःची दोन खोल्यांची जागा, एकच आई. पण त्या आईची एक अट, आमच्याकडे सून नोकरी करत नाही. बाकी अट नाही, देणंघेणं नाही, त्यामुळे आमची आई रोज त्या एका अटीची तारीफ करायची. बाबा मधल्यामध्ये. ते गिरणीतून बाहेर पडून आता मुलुंडच्या एका गोदामात होते, आणि घरात कमी बोलायचे, पण माझ्याशी बोलायचे तेव्हा गावच्या भाषेत बोलायचे. म्हणाले, "तू पक्की झालंस तर मी त्यांका सांगान, चेडवाची नोकरी पक्की आसा, ती सोडूची नाय. पण तात्पुरत्या नोकरीसाठी चांगला स्थळ कसा सोडू, तूच सांग."

म्हणजे सगळं त्या गुरुवारवर आलं. शेरा चांगला तर मी टीचर, नाही तर बोरीवलीला. आणि येत्या रविवारी दळवी मंडळी मला बघायला येणार होती.

गुरुवारी मी पांढरी साडी नेसून, खडूचा नवा डबा घेऊन वर्गात शिरले आणि दारातच थबकले. मागच्या भिंतीशी दोन खुर्च्या. एका खुर्चीवर बारीक, चष्म्याचे, मांडीवर फाईल घेतलेले गृहस्थ. ते इन्स्पेक्टरसाहेब हे उघड होतं. दुसऱ्या खुर्चीवर, आणि तिला चक्क ऑफिसातली उशी लावलेली, नऊवारी नेसलेल्या, मोठ्या कुंकवाच्या, मांडीवर लेदरची पर्स घेतलेल्या दळवीकाकू.

मी त्यांना ओळखत होते. महिन्यापूर्वी माझ्या मावसबहिणीच्या डोहाळजेवणात त्यांनी मला वाटीत बासुंदी वाढताना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं होतं. रविवारपर्यंत त्यांना धीर निघाला नव्हता. मागाहून कळलं, त्यांचा नियमच होता, घरी बघायला गेलं की सगळ्याच मुली खाली मान घालून पोहे देतात, मुलगी तिच्या नेहमीच्या जागी गुपचूप बघावी. म्हणून त्या बोरीवलीहून भांडुपला आल्या आणि शिपायाला म्हणाल्या, "मला सावंतबाईंचा तास बघायचाय."

इन्स्पेक्शनच्या दिवशी, अशा आवाजात, अशी पर्स घेऊन हे म्हटल्यावर शिपाई काय समजणार. त्याने पाटकर सरांना सांगितलं, लेडी ऑफिसर आल्यात. सरांनी चहा दिला, उशी दिली. साहेब आले तेव्हा सरांना वाटलं ही दोघं बरोबरची. साहेबांना वाटलं ह्या शाळेच्या संस्थेच्या कुणी. काकूंना वाटलं हे शाळेतले मास्तर. आणि तिघेही इतके सभ्य की कुणी कुणाला विचारलं नाही.

फक्त मला सगळं माहीत, आणि मला बोलता येत नव्हतं. एका तासात एकाला पसंत पडायचं आणि शेजारच्या खुर्चीला पसंत पडायचं नाही. तुम्ही कधी असा तास घेऊन बघा.

मी सरांचं ऐकायचं ठरवलं. फळ्यावर लिहिलं, प्रत्यय. खाली व्याख्या. खाली उदाहरणं. पोरं इतकी शिस्तीत बसली की मलाच ओळखू येईनात. साहेबांनी एकदा घड्याळ बघितलं. काकूंचे डोळे मिटले. पाटकर सर दारात उभे राहून समाधानाने मान डोलवत होते. मला कळत होतं की तास मरतोय. मेलेल्या तासाला चांगला शेरा कोण देतं.

मग साहेबांनीच, बहुधा झोप घालवायला, सुऱ्याला उठवलं. "काइंड. याचं नाम कर."

सुऱ्या उभा राहिला. माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, मग साहेबांना म्हणाला, "साहेब, पत्रिका बघू?"

"कुणाची?"

"काइंडची."

सरांनी दारात डोळे मिटून घेतले. साहेब म्हणाले, "बघ."

सुऱ्याने डिक्शनरी काढली, बोट फिरवलं. "जुळते साहेब. नेसशी."

"बरं. मग?"

"मग काय," मंदा बसल्या जागेवरून म्हणाली, "लग्न लावायला लागंल. बाई, लावू?"

अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. दारातून सर मानेने नाही नाही म्हणत होते. मागे काकूंनी लग्न हा शब्द ऐकून डोळे उघडले होते. मी मनात म्हटलं, बोरीवलीला जायचंच असेल तर निदान वाजतगाजत जाऊ.

"लाव," मी म्हटलं.

पुढचं सांगायला मशीन पुरत नाही. पाट्या बाकाखालून निघाल्या. कणीची पुडी सुऱ्याच्या खिशातून निघाली. पठ्ठ्याने तयारी ठेवलीच होती. काइंड म्हणून आमची शांत सुमन उभी राहिली, नेस म्हणून सुऱ्या, मध्ये आशिया खंड. मंदाने एक टोक धरलं. सुऱ्याने स्वतःच्याच लग्नात स्वतःच मंगलाष्टक सुरू केलं, काइंड ही नटली उभी सजुनिया. पोरांना इतका आनंद झाला की दुसऱ्या ओळीतच कणी उडायला लागली.

"थांबा."

हा आवाज मागून आला. दळवीकाकू उभ्या होत्या.

"अजून नाही. सावधान म्हटल्याशिवाय अक्षता टाकायच्या नाहीत. कुणी शिकवलं तुम्हाला?" आणि त्या बाकांमधून पुढे आल्या. "नवऱ्या मुलानेच मंगलाष्टक म्हणायचं असतं का रे? तू गप्प उभा राहा. तू म्हण गं, तुला आवाज आहे." हे मंदाला. "आणि हा अंतरपाट असा तिरका काय धरलाय? वर घ्या, मुलाला मुलगी दिसतेय. मुलीचा मामा कुठाय?"

"मामा पण पायजे?" मंदा म्हणाली.

"मामाशिवाय मुलगी उभी राहते का?" काकूंनी वर्गभर नजर फिरवली. पोरं सगळी लहान. पाटकर सर दारातून दिसेनासे झाले होते. काकूंची नजर चष्म्यावर थांबली. "अहो तुम्ही, या इकडे. मुलीच्या हाताला धरून उभे राहा."

साहेब म्हणाले, "मी?"

"मग दुसरा मोठा पुरुष कोण आहे इथे?"

साहेबांनी फाईल खुर्चीवर ठेवली आणि आले. मला आजही खरं वाटत नाही, पण ते आले, सुमनच्या कोपराला हात लावून मामासारखे गंभीर उभे राहिले, आणि काकूंनी मुठीत दिलेली कणी त्यांनी सावधान होईपर्यंत नीट धरून ठेवली. मंदाने असं मंगलाष्टक म्हटलं की आठवी उभी राहिली. अक्षता पडल्या. पाट्या जुळल्या. काइंडनेस, वर्ग ओरडला, आणि सुमन, जी वर्षभर तोंड उघडत नव्हती, तिने न विचारता वाक्य करून सांगितलं. तिच्या आजीबद्दल. बरोबर होतं.

मग साहेब खुर्चीकडे गेलेच नाहीत. फळ्याशी उभे राहून ते स्थळं सुचवायला लागले. सॅड. लागलं. अग्री. पोरांनी पत्रिका बघून मेंटशी लावलं. थँकसाठी त्यांनी मुद्दाम नेस सुचवलं, तर सुऱ्याने पान उलटून सांगितलं, "नाही जुळत साहेब. फुलशी जुळतंय, लेसशी पण जुळतंय, पण नेस नको म्हणतंय." साहेब हसले. मी त्यांचे दात पहिल्यांदा बघितले.

काकू मंदाच्या बाकावर बसल्या होत्या, अंगाला अंग लावून. त्यांनी मंदाला विचारलं, "काय गं, लग्न झाल्यावर ही मुलगी जाते कुठे?"

"कुठं नाय आज्जी. ती आपल्या जागेवर. नवरा मागनं येऊन बसतो. त्याला एकट्याला काय अर्थच नाय, हिच्यामुळं त्याला अर्थ येतो."

"हे तुमच्या बाई शिकवतात?"

"नाय, हे मी सांगितलं. बाई फक्त हो म्हणाल्या."

घंटा झाली.

पाटकर सरांच्या ऑफिसात चहा. मी कोपऱ्यात उभी, केसांत कणी. सर कुणाकडेच बघत नव्हते. साहेबांनी कपात साखर ढवळली आणि काकूंना अदबीने विचारलं, "आपण संस्थेकडून का?"

सर म्हणाले, "नाही, त्या आपल्याबरोबर आल्यात ना?"

"माझ्याबरोबर? मी एकटाच आलो."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग काकूंकडे. काकूंनी बिस्कीट चहात बुडवलं, नीट खाल्लं आणि म्हणाल्या, "मी मुलगी बघायला आलेय."

"कुठली मुलगी?"

"ही."

मी कणी वेचत असल्याचं दाखवलं. आणि पाटकर सर, मराठी माणूस तो, जन्मभराच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "मग, पसंत आहे?"

"पसंत आहे," काकू म्हणाल्या. माझ्या हातातली कणी परत खाली पडली. "पसंत आहे म्हणूनच नको. हिला नेऊन मी करू काय? आमच्याकडे तीन माणसं. सकाळी तांदूळ निवडेल, दुपारी झोपेल, संध्याकाळी परत तांदूळ निवडेल. निवडण्यापेक्षा इथे उधळते तेच बरं आहे." मग साहेबांकडे वळल्या. साहेब कशासाठी आलेत ते काकूंना चहाबरोबर शिपायाने सांगितलं असावं. "तुम्ही हिला पक्की करणार आहात की नाही ते आत्ता सांगा. नसाल करणार तर मी रविवारी येऊन घेऊन जाते. पोरीला दोन्हीकडे टांगून ठेवू नका."

साहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, मी मामा आहे. मुलीकडच्या माणसाला असं कोंडीत धरू नये."

"मामाच पुढे होऊन बोलतो," काकू म्हणाल्या. "बोला."

शेरा सरांनी मला नंतर वाचून दाखवला. पद्धत विचित्र आहे, मुलांना विषय येतो, शिक्षिकेस कायम करण्यास हरकत नाही. आणि खाली, सुबक अक्षरात, वर्गात धान्याचा अपव्यय टाळावा.

घरी आई दोन दिवस बोलली नाही. रविवारसाठी आणलेले पोहे आम्हीच खाल्ले. बाबांनी फक्त विचारलं, "पक्की झालंस?" मी हो म्हटलं तर ते चपला घालून बाहेर गेले आणि पेढे आणले, पण ते आईला दिसणार नाहीत अशा जागी ठेवले.

हे सगळं इथेच संपलं असतं. पण पुढच्या वर्षी नवी नववी ब आली, आणि पहिलं लग्न ठरायच्या आधीच शाळेच्या पत्त्यावर दळवीकाकूंचं कार्ड आलं, मुहूर्त कळवावा. तेव्हापासून त्या येतात. स्वतःच्या घरची कणी, हळद-कुंकू लावून, फडक्यात बांधून आणतात. सरांनी त्यांच्यासाठी उशी वेगळी ठेवलीय. चिमण्यांना पण त्या ओळखीच्या झाल्यात.

आणि गेल्या मे महिन्यात त्यांच्या मुलाचं लग्न झालं. आमंत्रण घेऊन त्या स्वतः आल्या. मी विचारलं, सून काय करते. "घाटकोपरला शाळेत शिकवते," त्या म्हणाल्या आणि जरा घाईने पुढे म्हणाल्या, "सोडते म्हणत होती. मीच म्हटलं, नको सोडूस, पक्की झालीस ना."

मी लग्नाला गेले. मुलाला मी तोवर बघितलं नव्हतं. आता खरं सांगते, कारण मशीनवर खोडता येत नाही. उंच होता, हसरा होता आणि मुंडावळ्यांतून एकसारखं कुणाशी तरी थट्टा करत होता. माझी ओळख करून दिली तर म्हणाला, "तुम्हीच का त्या नेसवाल्या? आई आमच्या घरी सगळ्या शब्दांची लग्नं लावते." मी हसले, पण नंतर खुर्चीवर येऊन बसले तेव्हा जरा वेळ मला कसंसंच झालं. म्हणजे फार नाही. एका मंगलाष्टकाएवढंच.

त्याच वेळी अंतरपाट धरला होता, भटजींनी सूर लावला होता, आणि मी आपली वर्गातल्या सवयीने दुसऱ्या ओळीलाच मूठ उघडली. चार दाणे पुढच्या टोपीवर पडले.

स्टेजवरून दळवीकाकूंनी वळून माझ्याकडे बघितलं, भर मांडवात हाताने खूण केली. अजून नाही. सावधान झाल्यावर.